फी जूनची, बटाटा दसऱ्याचा

मृगाचा पाऊस होऊन वावराला वाफसा आला की सातगाव पठारावर माणूस माणसाशी उभ्याउभ्याच बोलतो. पेठ, कुरवंडी, थुगाव, भावडी, कारेगाव, पारगाव, कोल्हारवाडी ही आंबेगाव तालुक्यातली पठारावरची गावं. पुण्याहून नाशिककडे निघालं, खेडचा घाट चढून वर आलं की पेठ लागतं आणि पुढे अवसरीचा घाट उतरला की मंचर. मधला हा उंचावरचा पट्टा पावसाच्या भरवशावर बटाटा करतो. जूनमध्ये लागवड, दसऱ्याच्या पुढेमागे काढणी. पठारावरच्या घरांचं वर्ष या दोन खुंट्यांना बांधलेलं असतं. कॉलेजं उघडतात तीही जूनमध्येच.

यंदा लागवडीच्या दिवसांत मी पेठला होतो. ओसरीवर मंचरहून आणलेल्या बियाण्याच्या पिशव्या होत्या. भाऊ आणि वहिनी पिशव्या उलटून सडका बटाटा बाजूला काढत होते. उंबऱ्यात पुतणी वही घेऊन बसली होती. ती मंचरला बीएस्सी करते, शेवटचं वर्ष. वहीत हिशेब असणार हे दिसत होतं, म्हणून मी मागितली. तिनं जरा संकोचानंच दिली.

साधी दोनशे पानी वही. पानाच्या मधोमध पट्टीनं मारलेली रेघ. डावीकडे ‘जाणार’, उजवीकडे ‘येणार’. आपण हिशेब लिहितो तेव्हा आधी रक्कम लिहितो, फार तर कशाची ते लिहितो. हिनं दोन्ही बाजूंना आधी तारखा लिहिल्या होत्या. डावीकडची बाजू जूनपासून गच्च भरलेली: प्रवेश, बियाणं, खत, पास, प्रॅक्टिकलची वही, पुन्हा पास, फवारणी, परीक्षेचा फॉर्म. घरचा खर्च आणि कॉलेजचा खर्च एकाच रांगेत, कारण पैसे एकाच डब्यातून निघतात. उजवी बाजू सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत जवळजवळ कोरी. दुधाचे पगार तेवढे दर दहा दिवसांनी. मग दसऱ्याजवळ ‘बटाटा’ आणि पार खाली, मार्चच्या ओळीत, पेन्सिलनं ‘स्कॉलरशिप?’ असं प्रश्नचिन्हासकट.

‘‘पैसे पुरत नाहीत असं नाही काका,’’ ती म्हणाली, ‘‘वेळेवर नसतात.’’

कॉलेजच्या पोरांच्या काटकसरीवर मी पुष्कळ वाचलं आहे. बाहेरचं खाऊ नका, जुनी पुस्तकं घ्या, रोज खर्च लिहून ठेवा. सल्ले खोटे नाहीत. पण ते महिन्याच्या एक तारखेला पैसे येणाऱ्या घरासाठी लिहिलेले असतात. पठारावरच्या पोराला काटकसर शिकवावी लागत नाही, ती त्यानं चुलीपाशीच पाहिलेली असते. त्याची खरी ओढाताण होते ती तारखांची. वर्षभरात घरात येणारा पैसा कदाचित त्याच्या शिक्षणाला पुरेल. पण जूनमध्ये मागितलेला पैसा त्या वेळी मातीखाली असतो.

हे मी बाहेरून सांगत नाही. मी पुण्याला शिकायला गेलो तेव्हा गावाचं नाव पेठ आणि राहायची जागाही पेठेतच, नारायण पेठेतल्या वाड्यात, माडीवरच्या खोलीत. कॉट बेसिस. म्हणजे खोली भाड्यानं मिळत नाही, कॉट मिळते. एका खोलीत पाच कॉटा, पाच पत्र्याच्या पेट्या, एक खिडकी. जेवण मेसला. महिन्याचे पैसे आगाऊ, दोन वेळचं ताट, रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद. ज्यांनी मेसवर दिवस काढले आहेत त्यांना ‘खाडा’ हा शब्द वेगळा सांगायला नको. गावी जायचं असेल तर आधी सांगून खाडा लावायचा, म्हणजे तेवढ्या दिवसांचे पैसे पुढच्या महिन्यात धरले जातात. आमच्या मेसवर सलग तीन दिवसांहून कमी खाडा धरत नसत. त्यामुळे दोन दिवसांची सुट्टी आली तरी आम्ही घरी तीन दिवस राहायचो. आईला वाटायचं, पोराला घराची ओढ आहे. ती होतीच, पण तिसरा दिवस खाड्याचा होता. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

मेसचे पैसे भरायला नसत त्या महिन्यांत एकच डबा लावून दोघं जेवायचो. डबेवाल्या मावशींना दोन पोळ्या जास्त मागायच्या, भात दोघांत. त्यांना कळत असणार. भाजी हळूहळू वाढत गेली आणि पैसे तेवढेच राहिले. आज त्या मावशी कुठे आहेत मला ठाऊक नाही. त्यांनी माझं एक वर्ष वाचवलं.

आमच्या बाजूच्या बऱ्याच पोरांचा डबा मात्र एसटीनं यायचा. आई पहाटे उठून भाकरी थापणार, वडील फाट्यावर उभे राहून पुण्याच्या गाडीत डबा देणार, ड्रायव्हरच्या मागच्या जागेत तो बसणार आणि पोरगं शिवाजीनगरच्या स्टँडवर उभं राहून तो उतरवून घेणार. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत. डब्याच्या झाकणावर खिळ्यानं कोरलेलं नाव. कितीएक वर्षं या रस्त्यावरच्या कंडक्टर-ड्रायव्हरांनी परक्यांच्या पोरांना असं जेवू घातलं आहे. 2019 च्या अखेरीला मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचं स्टँड वाकडेवाडीला गेलं. कागदावर हे अंतर फार नाही. पण सकाळचं लेक्चर आणि डब्याची गाडी यांच्यामध्ये चालत सुटणाऱ्या पोराला विचारा.

आता माझ्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. मी शिकत होतो त्या कॉलेजात फीचा राहिलेला भाग भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेत नव्हते आणि तारीख होती सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बटाटा नुकता काढला होता. आमच्याकडे काढलेला बटाटा लगेच विकायचा नसेल तर आरण लावतात. शेताच्या कडेला, झाडाच्या सावलीत बटाट्याचा ढीग, वर पाचटाचं किंवा गवताचं जाड पांघरूण, ऊन आणि पाणी लागणार नाही असं. बाजार पडलेला असला तर माल काही आठवडे थांबवायची ही आमची जुनी सोय. काढणीच्या दिवसांत सगळ्या पठाराचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव बसतो. ज्याला थांबता येतं त्याला चार पैसे मिळतात.

अण्णांना थांबता आलं नाही. साठ पिशव्या होत्या, पन्नास किलोची एक. मंचरला भाव दहा किलोवर बोलतात. माझा फॉर्म भरला गेला त्या आठवड्याचा भाव आणि दिवाळीनंतरचा भाव यांत दहा किलोमागे वीस रुपयांचा फरक पडला. तीन हजार किलोला सहा हजार रुपये. माझी फी त्याहून कमी होती. अण्णा कधीच काही बोलले नाहीत. मीच पुढे कितीतरी वर्षांनी एका रात्री हा हिशेब मांडला आणि मग मला झोप लागली नाही. फी भरायला आम्हाला फीच्या दुपटीहून जास्त पडले होते आणि ते कुठल्याच पावतीवर आलेले नव्हते.

पठारावर आजही हे घराघरात चालतं. कुणी आडत्याकडून उचल घेतं, म्हणजे माल त्याच्याच गाळ्यावर घालायचा शब्द देऊन बसतं. कुणी आईच्या बचत गटातून कर्ज काढतं. सर्वांत जास्त घरांत सोसायटीचं पीककर्ज कॉलेजच्या खात्यावर जातं आणि खताची उधारी दुकानात राहते. ते कर्ज 31 मार्चच्या आत भरायचं, व्याजाची सवलत टिकवायची तर तारीख चुकवून चालत नाही. हातात नसेल तर चार दिवसांसाठी कुणाकडून तरी घेऊन नवं-जुनं करायचं. पुतणीचं प्रश्नचिन्हही त्याच मार्चच्या ओळीत होतं, ते उगाच नाही. घराला सगळ्या वर्षाचं देणं त्याच महिन्यात असतं.

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे, अल्पभूधारकांच्या आणि मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. 2024-25 पासून कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या, सवलतीला पात्र प्रवर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. अवसरी खुर्दला 2009 पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पठारावरून एक घाट उतरला की इंजिनीअरिंग, हे माझ्या वेळी स्वप्नात नव्हतं. पण या सगळ्याची वाट उत्पन्नाच्या दाखल्यावरून जाते. आंबेगाव तालुक्याची कचेरी घोडेगावला. पेठहून आधी मंचर, तिथून दुसरी गाडी. सेवा केंद्रात अर्ज केला तरी एखादा कागद कमी निघतो आणि खेप पडतेच. लागवडीच्या दिवसांतल्या एका खेपेला एक रोज बुडतो, बापाचा किंवा पोरीचा. दाखल्याची मुदत पुन्हा 31 मार्चपर्यंतच. आणि एवढं करून मंजूर झालेले पैसे खात्यावर येतात ते बहुतेक वेळा वर्ष सरताना.

एसटीचा पास ही मात्र खरोखर पोरांच्या हातात पडणारी मदत. विद्यार्थ्याला सुमारे 67 टक्के सवलत असते, म्हणजे साधारण दहा दिवसांचं भाडं भरून महिनाभर जाता येतं. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून पास फुकट. बारावीनंतर तो संपतो. पुतणीच्या वहीत ‘पास’ हा शब्द पहिल्यांदा आला तो एफवायच्या जूनमध्ये. 2021 च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला, तेव्हा पठारावरची पोरं जीपला लटकून मंचरला जात होती. जीपला पास चालत नाही. घाटात पायी उतरणारी पोरंही मी त्या हिवाळ्यात पाहिली.

तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या अंगाला, वर्षाचं गणित वेगळं आहे. तिथे महादेव कोळी समाजाच्या घरांत रोख पैसा येतो तो हिरड्याचा. बाळहिरडा एप्रिल-मेमध्ये झोडायचा, वाळवायचा, विकायचा. म्हणजे शाळा-कॉलेज उघडायच्या आधीच हातात चार पैसे. आमच्या बटाट्यापेक्षा हिरड्याला कॉलेजची वेळ कळते, असं मला नेहमी वाटत आलं आहे. पण 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातली हिरड्याची झाडं मोडली. हिरड्याचं झाड पुन्हा उभं राहायला वर्षं जातात. त्या वर्षी बारावी झालेल्या पोरांचं काय झालं असेल, हे कुठल्याच नुकसानीच्या पंचनाम्यात मावणारं नव्हतं.

या भागातली पोरं सरकारी आदिवासी वसतिगृहांत राहून शिकतात. 2018 मध्ये या वसतिगृहांतली मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट मुलांच्या खात्यात देण्याचा निर्णय झाला. वरवर पाहता यात वावगं काही नाही, पैसे मुलांचेच. पण त्याच जुलैमध्ये मुलं पुण्याहून नाशिकला पायी निघाली. भर पावसात, आमच्या पेठवरून जाणाऱ्या याच रस्त्यानं. आम्हाला पैसे नकोत, मेस द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. सिन्नर तालुक्यात नांदूर शिंगोट्याजवळ पोलिसांनी मोर्चा अडवला. पैसे नाकारायला पोरं दीडशे किलोमीटर का चालतात, हे तेव्हा पुष्कळांना उमगलं नाही. ज्यानं मेसवर उधारी केली आहे त्याला लगेच उमगतं. ताट दोन्ही वेळेला समोर येतं. खात्यातला पैसा कधी येईल सांगता येत नाही आणि आला की त्याला घरची गरज आधी दिसते. बाप आजारी असताना कुठलं पोरगं खात्यावरच्या पैशांचं जेवण घेईल?

वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी मुलांसाठी 2016-17 मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आली, तशीच अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार. पुण्यासारख्या शहरात तेव्हा वर्षाला 60,000 रुपये ठरले: भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000 आणि निर्वाहाचे 8,000. कॉलेजचं वर्ष दहा महिन्यांचं धरलं तर भोजनाला महिन्याचे 3,200 पडतात, एका वेळेला त्रेपन्न रुपये. योजना आली तेव्हा एवढ्यात पुण्यात ताट मिळत होतं. निवासाचे महिन्याला दोन हजार, त्यात कॉटही ओढून ताणूनच. तरी मी म्हणेन, हे त्रेपन्न रुपये पाच तारखेला पडत राहिले तर पोरगं निभावून नेईल. हप्ता चार महिन्यांनी आला तर मधल्या चार महिन्यांचं जेवण कुणीतरी उधार दिलेलं असतं आणि उधार देणारा नेहमी डबेवाल्या मावशींसारखा नसतो.

गरीब मुलांना कसं शिकवायचं हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही आणि त्याचं उत्तरही एकदा सापडलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 4 ऑक्टोबर 1919 ला काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. त्या वसतिगृहाचा गाडा मुष्टिफंडावर चालला, घराघरातून मूठ-मूठ धान्य. ज्या घरात रोकड नाही त्या घरात सुगीला धान्य असतं, हे शेतकऱ्याच्या जगण्यातून आलेलं शहाणपण होतं. आणि ज्या दिवशी धान्यही नव्हतं त्या दिवशी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून पोरांना जेवू घातलं. पुढे साताऱ्याच्या कॉलेजात कमवा व शिका आलं, मुलं हातांनी काम करून शिकली. पुण्यात डॉ. अच्युतराव आपट्यांनी 1955 मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती काढली, तिथेही खेड्यातली मुलं वसतिगृहाची कामं वाटून घेत शिकली. मंचरचं अण्णासाहेब आवटे महाविद्यालय रयतचंच. त्याच्या विज्ञान शाखेला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ते महाळुंगे पडवळचे, आमच्याच तालुक्यातले, पोटासाठी मुंबईच्या गिरणीत गेलेले. 12 डिसेंबर 1930 ला परदेशी कापडाच्या ट्रकपुढे त्यांनी प्राण दिला. त्यांच्या नावाच्या इमारतीत शेतकऱ्याची पोरगी रसायनशास्त्र शिकते, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

विद्यापीठाच्या कमवा व शिका योजनेलाही कर्मवीरांचंच नाव आहे. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात तासावर काम, तासावर मोबदला. रक्कम थोडी. पण माझ्या खोलीतला एक जण त्या पैशांवर सगळी खोली महिनाअखेरीला सांभाळायचा, कारण आमच्या पाचांत दर महिन्याला हातात काहीतरी पडणारा तोच एकटा. आमच्या खोलीत सावड चालायची. शेतात आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या, तसं आज तुझ्या पैशांनी रॉकेल, दसऱ्यानंतर माझ्या. पश्चिमेकडच्या पोरांनी त्याला पडकई म्हटलं असतं. पाच जणांची पाच पिकं होती: बटाटा, ऊस, कांदा, एकाकडे द्राक्षं आणि कमवा व शिका. कुणाचं कधी येणार हे सगळ्यांना पाठ होतं. वर्षाच्या सुरुवातीला अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं एकाच्या पैशांनी यायची, वर्ष संपलं की विकून आलेले पैसे दुसऱ्याच्या गाडीभाड्याला जायचे. त्या खोलीत आम्ही कुणाचं देणं लिहून ठेवलं नाही आणि बुडालंही नाही.

पोरांना खोलीत जमलं ते कॉलेजांना का जमू नये, हे माझं सरळ विचारणं आहे. साखर कारखाना शेतकऱ्याला तोडणीपर्यंत थांबायला लावतो, बँक पिकाप्रमाणे खरीप-रब्बीची कर्जं वेगळी करते, सोसायटीला पिकाची तारीख कळते. मग शंभरातली सत्तर-ऐंशी पोरं शेतकऱ्यांची असलेल्या कॉलेजला फीचा पहिला हप्ता दिवाळीनंतर ठेवता येणार नाही का? माफ करू नका, नुसतं थांबा. परीक्षेचा फॉर्म फीपासून सोडवा. शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर झाला की त्या पोराच्या नावापुढची बाकी शासनाच्या नावावर टाका आणि पोराला वर्गात बसू द्या. काही प्राचार्य हे गुपचूप करतात, स्वतःच्या सहीवर आणि स्वतःच्या जोखमीवर. चांगल्या माणसाच्या जोखमीवर चालणारी गोष्ट नियमात यायला हवी, कारण त्या माणसाची बदली होते.

ऑक्टोबरमध्ये मी पुन्हा पेठला गेलो. पावसानं यंदा काढणी लांबवली होती. भावानं निम्मा माल मंचरला घातला होता आणि निम्म्याची आरण लावली होती, बांधावरच्या आंब्याखाली. त्याला या वेळी थांबायचं होतं. सकाळी आम्ही दोघं फाट्यावर गेलो. शेजारच्यांचा मुलगा पुण्यात खोली करून राहतो, त्याच्यासाठी बारीक बटाट्याची पिशवी गाडीत द्यायची होती. बाजारात बारीक मालाला भाव नसतो, पण उकडून मीठ-तिखट लावलं की रविवारची रात्र निघते. पिशवीवर निळ्या पेनानं नाव आणि मोबाईल नंबर. कंडक्टरनं न विचारता ती ड्रायव्हरच्या मागे सरकवली.

घरी आलो तर पुतणी उंबऱ्यात होती, हातात फोन. कॉलेजच्या ग्रुपवर परीक्षेच्या फॉर्मची तारीख आली होती. तीन दिवस राहिले होते. तिनं फोन भावाला दाखवला, पण तोंडानं काही बोलली नाही.

दुपारी भाऊ आंब्याखाली गेला आणि त्यानं आरणीवरचं पाचट बाजूला काढायला सुरुवात केली. मी पिशव्या धरल्या.